मदत हवी आहे: मुलांच्या पूलमध्ये किराणा दुकानातलं ब्लीच चालेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत मुलांचा छोटा पूल आहे: २० फूट लांब, १० फूट रुंद, पाणी अडीच फूट. पूल बघणारा मुलगा गावी गेलाय, हायपोचा (पूलमध्ये घालायच्या क्लोरीनच्या द्रावणाचा) कॅन संपलाय. मे महिना, मुलं सकाळपासून टॉवेल घेऊन उभी. पाणी टँकरचं, त्यामुळे उपसून पुन्हा भरणं जिवावर येतं.

कमिटीतले एक काका दोन प्रकारचं ब्लीच घेऊन आले. एकावर 'सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के' लिहिलंय. दुसऱ्याला लिंबाचा वास, आणि ते शाम्पूसारखं दाट पडतं.

त्यातच काल सफाईच्या मावशींनी काठाच्या टाइल्सवर टॉयलेटचं ॲसिड टाकलं आणि डाग निघेना म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. असा उग्र वास सुटला की मावशी डोळ्यांना पदर लावून खोकतच बाजूला झाल्या. उघड्यावर होत्या म्हणून निभावलं. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं, चूक आमची. तेव्हापासून बाटलीला हात लावायची भीती वाटते. किती घालायचं, कधी घालायचं, कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

ताई, आधी मावशींची चौकशी करा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. त्याचा त्रास काही तासांनीही वाढतो. दम लागत असेल तर आजच डॉक्टरकडे न्या.

लिंबाच्या वासाची बाटली पूलला नको, त्यात साबण असतो. साधं ४ टक्केवालं चालेल, तारीख मात्र ताजी बघा. उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो.

तुमचा पूल ५०० घनफुटांचा, म्हणजे साधारण १४,००० लिटर. क्लोरीन २ पीपीएमने (म्हणजे दर लिटरला २ मिलिग्रॅम) वाढवायला २८ ग्रॅम क्लोरीन लागेल. एक लिटर ब्लीचमध्ये सुमारे ४० ग्रॅम, म्हणून ७०० मिली पुरे. ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून, प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात ब्लीच मिसळा आणि कडेकडेने सोडा. त्याच बादलीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्या कधीही घालू नका, आगीचा धोका असतो.

सकाळी पाणी तपासायच्या किटवर क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ आला तरच मुलांना सोडा. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर कुणालाच उतरू देऊ नका. आणि 'क्लोरीनचा' वास जास्त येतो म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असं समजू नका. बहुतेक वेळा घाम-लघवीशी संयोग होऊन ते संपत आलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार, दादा. मावशींना काल रात्रीच दवाखान्यात दाखवलं, आता बऱ्या आहेत. ॲसिडची बाटली पंपरूममधून हलवून वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली. संध्याकाळी मोजून ७०० मिली घालते आणि सकाळचं रीडिंग इथे टाकते.