हॅलोजन आणि ट्यूबच्या जागी एलईडी: लुकलुकतंय, काय बदलू?

प्रश्न – उजेडवाला
फॉल्स सीलिंगमध्ये १२ व्होल्टचे, ५० वॉटचे सहा हॅलोजन (एमआर १६) आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, त्यावर '२०–६० वॉट' छापलंय. ५ वॉटचे एलईडी लावले तर लुकलुकतात, मध्येच विझतात. दिवे खराब की ट्रान्सफॉर्मर? शिवाय स्वयंपाकघरात ३६ वॉटची चार फुटी ट्यूब आहे, जुना जड चोक. तो काढावाच लागतो का?

फेजन्यूट्रल
दोन्ही ठणठणीत आहेत, त्यांचं जमत नाही इतकंच. किमान २० वॉट लोड असेल तरच तो ट्रान्सफॉर्मर नीट चालतो. ५ वॉटवर सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या कंपनीचे दिवे आणून पाहण्यात पैसे घालवू नका.

एक उपाय म्हणजे सगळे ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्ट डीसीचा एकच ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा). सहा दिव्यांचे ३० वॉट होतात, म्हणून ४० वॉटचा घ्या. १२ व्होल्टवर ३० वॉट म्हणजे अडीच अँपिअर. वायर बारीक आणि लांब असेल तर शेवटचा दिवा मंद दिसेल. दिवे पॅरललमध्येच जोडा.

मी मात्र ट्रान्सफॉर्मर काढून थेट मेन्सवरचे जीयू १० होल्डर (दोन पिनांचा दिवा फिरवून बसतो ते) बसवेन. दिवा गेला की फक्त दिवा बदलायचा, छतात हात घालायला नको. पण होल्डरपर्यंतची वायर मेन्सच्या व्होल्टेजला चालणारी हवी, आणि धातूच्या रिंगला अर्थिंग.

चोकबहाद्दर
ट्यूबचं सांगतो. जुन्या चोकवर चालणारी एलईडी ट्यूब मिळते: स्टार्टर काढायचा, सोबत आलेला डमी स्टार्टर लावायचा, झालं. पण चोक थोडी वीज खातो आणि गुणगुणतो. काढलेला बरा. पट्टीत कपॅसिटर असेल तर तोही काढा.

आधी ट्यूबवरची आकृती बघा. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, दुसरं टोक नुसतं आधाराला. काहींना एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. पहिल्या प्रकारात गोची अशी, की काही होल्डरचे दोन्ही कॉन्टॅक्ट आतून जोडलेले असतात. त्यात फेज-न्यूट्रल दिलं की थेट शॉर्ट. वायर जोडण्यापूर्वी, मेन स्विच बंद करून, मल्टिमीटर बीपच्या सेटिंगवर ठेवून होल्डरचे दोन कॉन्टॅक्ट तपासा. बीप वाजला तर तो होल्डर त्या ट्यूबच्या कामाचा नाही.

पट्टीवर 'फक्त एलईडी' असं लिहून चिकटवा. उद्या कुणी साधी ट्यूब लावली तर करंटला आवर घालायला चोक नसेल.

लुमेनराव
वर +१. वॉट नाही, लुमेन (उजेडाचं माप) बघा. चांगली ३६ वॉटची ट्यूब ३००० लुमेनच्या वर जाते, १८ वॉटची एलईडी साधारण १८०० ते २०००. सगळा उजेड खालीच पडत असल्याने ओट्यावर फरक कमी जाणवतो, छत मात्र काळवंडल्यासारखं दिसतं. स्वयंपाकघराला ४००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) घ्या.

बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर स्विच न्यूट्रलवर आहे का ते पाहा, किंवा स्विचमधला इंडिकेटर काढा.

अवांतर: जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

उजेडवाला
होल्डरमध्ये बीप आला, दोन्ही बाजूंना.

चोकबहाद्दर
मग एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल लागणारी ट्यूब घ्या. ती बसवताना आणि काढताना मेन बंदच ठेवा. एक टोक अडकलं की दुसऱ्या टोकाच्या पिनांना शॉक लागू शकतो.