सी भाषेतल्या प्रिंटएफचं आउटपुट आपल्याच फंक्शनकडे वळवायचंय?

प्रश्न असा की प्रिंटएफने छापलेलं आधी आपल्या फंक्शनकडे यावं; त्यावर आधीच्या एका उत्तरात पाइप आणि डुप२ (आउटपुट दुसरीकडे वळवणारे सिस्टिम कॉल) सुचवलंय, चालेल, पण प्रत्येक ओळीमागे फक्त वेळ छापायचीय तर एवढा खटाटोप कशाला? लिनक्सवर जीलिबसीमध्ये, म्हणजे तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीत, एफओपनकुकी आहे की, आपल्या फंक्शनांवर चालणारी फाइल बनवून देणारं! रीड, राइट, सीक, क्लोज अशी चार फंक्शनं द्यायची, नको ते नल ठेवायचं, बदल्यात सरळ फाइल पॉइंटर मिळतो, मग त्यावर एफप्रिंटएफ, एफपुट्स काय हवं ते चालवा. कुकी म्हणजे आपल्याच स्ट्रक्टचा पॉइंटर, दर कॉलला परत हातात येतो, ग्लोबल लागत नाही. सगळ्या इन्क्लूडच्या आधी _जीएनयू_सोर्स डिफाइन करा नाहीतर कंपायलर बोंब मारेल.

मी आपटलो ते बफरिंगवर, म्हणजे आउटपुट आधी मेमरीत साठवून मग एकदम पुढे पाठवण्यावर. प्रिंटएफ केलं की राइट लगेच बोलावलं जाईल असं धरून चाललो होतो, तर प्रोग्राम संपेपर्यंत शुकशुकाट आणि शेवटी सगळा ढीग एकदम, दहा ओळींना मिळून वेळ एकच! सेटव्हीबफने लाइन बफरिंग (ओळ संपली की पुढे पाठवणं) केलं तेव्हा सुधारलं, तरी लांब ओळ तुकड्यांत येऊ शकते, म्हणून वेळ लिहायची ती \एन (ओळ संपल्याची खूण) शोधूनच. आणि हो, एरर आली तर राइटमधून ० परत करायचं, -१ नाही. रीडमध्ये मात्र -१ म्हणजे एरर आणि ० म्हणजे फाइल संपली, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

मॅकवर हे नाही, तिथे बीएसडीवालं फनओपन. नुसतं स्ट्रिंगमध्येच छापायचं असेल तर ओपन_मेमस्ट्रीम, पोझिक्स २००८ मध्येच (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) आहे, फक्त एफक्लोजनंतर बफर फ्री करा.