माद्रिदमधले पहिले पंधरा दिवस: आधी काय, मग काय?

नवखा_माद्रिदकर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माद्रिदला पोचतोय. कॉम्प्लुतेन्से विद्यापीठात दहा महिन्यांचं मास्टर्स. वय 23, स्पॅनिश जेमतेम ए2 (प्राथमिक पातळी). व्हिसा मिळालाय, पण त्यावर मुदत फक्त 90 दिवसांची आहे. तिथे गेल्यावर 'तिये' कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, काढायचं एवढं कळलंय. सुरुवातीला दहा रात्रींचं हॉस्टेल बुक केलंय, खोली प्रत्यक्ष बघूनच घेणार.

पाद्रोन (नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद), तिये, बँक, सिम, प्रवासाचा पास यात आधी काय करायचं? आणि नेमकं कुठे अडतं? शाकाहारी आहे, त्याबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

कागदपत्र_काका

90 दिवस बघून घाबरू नका. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना बहुतेकदा असाच व्हिसा मिळतो, पुढचा काळ तिये कार्डावर काढायचा असतो. मात्र स्पेनमध्ये पोचल्यापासून एका महिन्याच्या आत कार्डासाठी हालचाल करावी लागते. तुमचा निए, म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक, व्हिसाच्या स्टिकरवरच छापलेला असतो, तो वेगळा काढायला जाऊ नका.

पहिल्याच दिवशी सिम घ्या. प्रीपेडलाही पासपोर्ट लागतो. घाई यासाठी की पोलिसांची अपॉइंटमेंट, म्हणजे 'सिता प्रेविया', ऑनलाइन घेताना कोड एसएमएसने येतो आणि बाहेरच्या देशाच्या नंबरवर त्याचा भरवसा नसतो.

सिम चालू झालं की त्याच दिवशी दोन्ही सिता शोधायला लागा. एक नगरपालिकेची, एम्पाद्रोनामिएन्तो म्हणजे पाद्रोनच्या नोंदणीसाठी. दुसरी पोलिसांची, तिथे 'तोमा दे उएयास' म्हणजे बोटांचे ठसे हा पर्याय निवडायचा. खोली मिळेपर्यंत थांबलात तर सप्टेंबरच्या गर्दीत तारीखच मिळत नाही, कारण सगळी विद्यापीठं एकदम सुरू होतात. 'सिता उपलब्ध नाही' असं दिसलं तरी सोडू नका; नव्या तारखा अधूनमधून टाकल्या जातात, सकाळी पुन्हा बघायचं. प्रयत्नांचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, महिना उलटला तर दाखवायला होतात. सिता पूर्णपणे मोफत असते. पैसे घेऊन सिता मिळवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

ठशांच्या दिवशी हे हवं: पासपोर्ट (मूळ आणि झेरॉक्स), भरलेला ईएक्स-17 फॉर्म (तिये कार्डाचा अर्ज), एक फोटो, 790 नमुन्याची 012 कोडची 'तासा' म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची पावती आणि पाद्रोनचा दाखला, ज्याला 'बोलान्ते' म्हणतात. तो तीन महिन्यांपेक्षा जुना नसावा.

सगळ्यात जास्त लोक तासावर अडकतात. फॉर्म ऑनलाइन भरून छापायचा असतो. त्यात बरेच पर्याय आहेत आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी. पहिल्यांदा कार्ड काढणाऱ्याचा पर्याय निवडला की साधारण 16 युरो येतात. भलताच आकडा दिसला तर चुकीची खूण झालीय असं समजा. छापल्यावर तीन प्रती निघतात, तिन्ही घेऊन बँकेत जायचं. पैसे भरायची खिडकी बहुतेक ठिकाणी सकाळीच चालू असते आणि बँका दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. प्रत्येक फॉर्मचा क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे मित्राच्या फॉर्मची झेरॉक्स चालत नाही.

फोटो 32 बाय 26 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. घरून आणलेला 35 बाय 45 चा उपयोगी नाही, कापून बसवला तर चेहरा फार मोठा दिसतो. तिथल्या फोटोच्या मशीनवर योग्य माप मिळतं.

ठसे दिल्यावर 'रेस्गुआर्दो' नावाची पावती मिळते. कार्ड यायला महिना-दीड महिना धरा आणि पावती जपा, तिच्याशिवाय कार्ड देत नाहीत.

दुहेरी_आडनाव

वरच्या यादीत नावाचा मुद्दा राहिलाय आणि मराठी माणसाचं तिथेच हमखास बिनसतं. स्पॅनिश फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: नोम्ब्रे (नाव), प्रिमेर आपेयिदो (पहिलं आडनाव), सेगुन्दो आपेयिदो (दुसरं आडनाव). आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव बहुधा 'गिव्हन नेम' मध्ये असतं. ते दुसरं आडनाव समजून तिसऱ्या रकान्यात टाकू नका. गिव्हन नेममध्ये जे आहे ते जसंच्या तसं नोम्ब्रेमध्ये, आडनाव पहिल्या आपेयिदोत, तिसरा रकाना रिकामा. विद्यापीठात एक, पाद्रोनवर दुसरं आणि बँकेत तिसरं नाव झालं की दुरुस्तीला पुन्हा सिता.

पत्ताही पूर्ण लिहा, मजला आणि बाजूसकट. '3º इस्क' म्हणजे तिसरा मजला डावीकडे, 'द्चा' म्हणजे उजवीकडे, 'बाखो' म्हणजे तळमजला. खालच्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. नसेल तर बँकेचं कार्ड परत जाऊ शकतं.

आणि येताना पॅरिस किंवा फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर शेंगेनमध्ये (आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) प्रवेशाची तपासणी तिथेच होते, माद्रिदला नाही. बोर्डिंग पास टाकू नका.

नवखा_माद्रिदकर

फार उपयोगी. एक खोली ऑनलाइन दिसतेय, भाडं आजूबाजूच्यापेक्षा 80 युरोंनी कमी. पण मालक म्हणतो पाद्रोन करायचा नाही आणि खोली राखायला आधी एका महिन्याचे पैसे पाठवा. घ्यावी का?

कागदपत्र_काका

नाही. दोन्ही अटी वाईट, दुसरी तर सरळ फसवणुकीची खूण. खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. एका महिन्याची 'फियान्सा' म्हणजे अनामत मागणं नेहमीचं आहे, पण ती करार करताना, आणि पावतीसह.

पाद्रोनसाठी तुमच्या नावाचा करार असेल तर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. तुम्ही मुख्य भाडेकरूकडून खोली घेत असाल तर त्याची सहीची संमती लागते, तसा नमुना नगरपालिकेचाच मिळतो. म्हणून खोली बघतानाच पहिला प्रश्न हा विचारा: 'पुएदो एम्पाद्रोनार्मे आकी?' (इथल्या पत्त्यावर पाद्रोन करता येईल का?) उत्तराला टाळाटाळ झाली की पुढची खोली बघा. महिन्याचे 80 युरो वाचवून तिये अडकवण्यात शहाणपण नाही.

अजून एक. व्हिसा डिसेंबरात संपेल आणि तोवर हातात नुसती पावती असेल तर नाताळात शेंगेनच्या बाहेर जाऊ नका, परत येताना अडचण होते. तिकिटं कार्ड आल्यावर काढा.

सहा_नंबर_लाइन

प्रवासाचं थोडक्यात. वय 26 च्या आत असल्याने तुम्हाला 'आबोनो होवेन' म्हणजे तरुणांचा पास मिळतो: मूळ किंमत 30 दिवसांना 20 युरो, गेली काही वर्षं सवलतीत त्याहूनही कमी. मेट्रो, बस, सेर्कानियास (उपनगरी रेल्वे) सगळं त्यात, झोनची कटकट नाही. त्यासाठी फोटो असलेलं व्यक्तिगत कार्ड लागतं, 4 युरो, सिता घेऊन कार्यालयात गेलात तर हातोहात. तोवर मशीनमधून 2.50 युरोचं 'मुल्ती' कार्ड घ्या, त्यात तिकिटं भरायची.

विमानतळावरून मेट्रोने आलात तर तिकिटावर 3 युरो जादा पडतात, आबोनो असेल तर नाही. टी4 (टर्मिनल 4) वर उतरलात तर सेर्कानियास घ्या, ती आतोचा या मोठ्या रेल्वे स्टेशनपर्यंत जाते आणि जादा आकार नाही. रात्री मेट्रो दीडला बंद होते. 203 नंबरची एक्स्प्रेस बस चोवीस तास, 5 युरो. कॉलेजला 6 नंबरच्या लाइनवर 'सिउदाद उनिवेर्सितारिया' स्टेशन.

वरण_भात_फॅन

शाकाहाराचं. 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं की हॅम आणि मासे येऊ शकतात, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात कार्ने म्हणजे फक्त तुकड्यांचं मटण. म्हणून एका दमात सांगा: 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून', म्हणजे मांस, हॅम, मासे, टूना काहीच नको. शेवटचं विसरू नका. 'एन्सालादा मिक्स्ता' या सॅलडमध्ये बहुतेकदा टूना असतो, आणि 'सँद्विच व्हेखेताल' या नावाच्या प्रकारातही बहुधा टूना आणि अंडं निघतं. 'लेन्तेखास' म्हणजे मसूर, पण त्यात बहुधा चोरिसोचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) काप असतात. डोळे झाकून मागवायचं तर 'तोर्तिया दे पातातास' म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, अंडं चालत असेल तरच. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. सातला जेवायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी किचन बंद.

जाता जाता प्लगचं. आपल्या दोन बारीक गोल पिनांचे चार्जर तिथे चालतात, व्होल्टेज 230 च आहे. तीन पिनांचा मात्र बसत नाही, वरची जाड पिन जायला जागाच नसते. लॅपटॉपची वायर तीन पिनांची असेल तर निघायच्या आधीच अ‍ॅडॉप्टर घ्या, कारण हॉस्टेलवर पोचलात की पहिल्याच रात्री त्या सितांसाठी लॅपटॉप लागणार.