हीटसिंकचा (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तळ घासून सपाट करायचाय, किती नंबरच्या घासकागदाने सुरुवात?

प्रश्न: तांब्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरली की मधून उजेड दिसतो, म्हणजे तळ सपाट नाही. आरशासारखी चमक आणावीच लागते का?

उत्तर १: जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद), पाण्यात साबणाचा थेंब. तळावर मार्करने जाळी काढा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की तळ सपाट. मग ६००, ८००, १०००. अधूनमधून ९० अंशांत फिरवा. जोर लावू नका, कडा गोल होतात.

उत्तर २: चमकेचा सोस कशाला? सपाटपणा महत्त्वाचा. मेटल पॉलिश तर नकोच, तेलकट थर राहतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

उत्तर ३: थांबा, हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) तळाशी उघडे आहेत का? मग घासू नका, नळीची भिंत पातळ असते. निकेलचा मुलामाही जाईल, वॉरंटीही. शिवाय काही तळ मुद्दामच किंचित फुगीर ठेवलेले असतात.