नॉट इन लिहिणं सोडा, नॉट एक्झिस्ट्स लिहा

इंडेक्सप्रेमी: एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) एकही ऑर्डर नसलेले ग्राहक काढायचे म्हटलं की बरेच जण नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी नोंद नाही) सोडून डोळे झाकून नॉट इन (यादीत नाही) लिहितात आणि मग क्वेरी का रेंगाळतेय म्हणून सर्व्हरला दोष देतात. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) १७ पर्यंत तरी नॉट एक्झिस्ट्सचा होतो तसा नॉट इनच्या सबक्वेरीचा (आतल्या क्वेरीचा) अँटी जॉइन, म्हणजे जोडीची नोंद नसलेलेच थेट काढणारा जॉइन, होत नाही. सबक्वेरीचा निकाल वर्क मेम या सेटिंगवरून ठरणाऱ्या मेमरीत मावेल असा अंदाज असला तर त्याचा हॅश (झटपट शोधायचा तक्ता) होतो, नसला तर प्रत्येक ग्राहकामागे तीच यादी परत पहिल्यापासून चाळली जाते. प्लॅनमध्ये (क्वेरी कशी चालवायची याच्या डेटाबेसच्या आराखड्यात) 'हॅश्ड' शिवाय नुसता 'सबप्लॅन' दिसला की समजायचं, वाट लागली.

साधी क्वेरी: सरसकट नियम कशाला पण? मायएसक्यूएल ८.०.१७ पासून कॉलम नॉट नल (नल म्हणजे रिकामी किंमत, ती न चालणारे) असले की नॉट इनचाही अँटी जॉइनच होतो, ओरॅकलमध्ये तर ११जी पासून नल सांभाळणारा अँटी जॉइन आहे. ऑप्टिमायझरचं (प्लॅन ठरवणाऱ्या भागाचं) काम ऑप्टिमायझरला करू द्या, आपण वाचणाऱ्याला कळेल असं लिहावं.

इंडेक्सप्रेमी: वेग सोडा हो, उत्तरच चुकतं त्याचं काय? ऑर्डरच्या टेबलात ग्राहकाचा आयडी एका जरी रोमध्ये नल असला तर नॉट इन एकही ग्राहक देत नाही. ५ नॉट इन (३, नल) घ्या, ५ हा ३ नाही हे खरं पण ५ हा नल नाही हे अननोन (ना खरं ना खोटं), म्हणून अख्खी अट अननोन आणि रो बाद. एरर नाही काही नाही, रिपोर्ट रिकामा.

जॉइनवाला: लेफ्ट जॉइन करून (ऑर्डर नसली तरी ग्राहक ठेवून) इझ नल लावा (ऑर्डर न जुळलेलेच ठेवा) की, आम्ही कायम तेच करतो.

इंडेक्सप्रेमी: पोस्टग्रेसवर चालेल, तिथे तो अँटी जॉइनच होतो. एसक्यूएल सर्व्हर मात्र आधी सगळ्या ऑर्डरी जोडतो आणि मग गाळतो, म्हणजे जे फेकायचंय तेच आधी गोळा करायचं.

साधी क्वेरी: नलचा दोष क्वेरीचा नाही, डिझाइनचा आहे. कॉलमला नॉट नल लावा, विषय संपला. आणि नुसतं इन की एक्झिस्ट्स हा वाद तर फुकटचा आहे, पोस्टग्रेस दोन्हींचा सेमी जॉइनच (जोडी आहे का एवढंच बघणारा जॉइन) करतं. त्यापेक्षा वेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) तारखेच्या कॉलमला फंक्शन गुंडाळून साधा इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वाया घालवणाऱ्यांना आधी धरा.

इंडेक्सप्रेमी: इनचं मान्य, तारखेचंही शंभर टक्के मान्य. पण नॉट नल लावून उत्तर बरोबर येईल, प्लॅन नाही बदलणार, पोस्टग्रेस १७ कन्स्ट्रेंट बघून नॉट इनचा अँटी जॉइन करत नाही. नॉट इन आणि नॉट एक्झिस्ट्स, दोन्ही क्वेऱ्यांना एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावा (ते क्वेरी चालवून प्लॅन दाखवतं) आणि दोन्ही प्लॅन इथे टाका, मग बोलू.