हॉट टबचा पीएच दर चार दिवसांनी ८.३ वर, आणि फेस जात नाही

टेरेसवाला_घोडबंदर
घोडबंदर रोडला टेरेसवर १२०० लिटरचा अ‍ॅक्रिलिक टब. तापमान ३८ अंश, रोज दोन माणसं. सोसायटीच्या टाकीत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं, ते सॉफ्टनरमधून वर येतं. टब भरून दहा आठवडे झाले.

आजचे आकडे: पीएच ८.३, अल्कलिनिटी १८० पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम (नळाच्या पाण्याची २००), हार्डनेस, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, जेमतेम २०. क्लोरीन पिवळ्या थेंबांच्या किटवर ५ च्या आसपास.

आठवड्यातून चार वेळा १० ग्रॅम डायक्लोर (क्लोरीनची पावडर) आणि एकदा २५ ग्रॅम ड्राय अ‍ॅसिड पडतं. अ‍ॅसिड टाकलं की पीएच ७.६ होतो, चार दिवसांत परत वर. जेट सुरू केले की साबणासारखा फेस, डोळे चुरचुरतात, क्लोरीनचा उग्र वास, आणि पाणी किंचित दुधाळ. अ‍ॅसिड वाढवायचं का? दुकानदार तुरटी फिरवा म्हणतो.

पाणीपरीक्षक
तुरटी अजिबात नको. तुरटीने गाळ गोळा होऊन खाली बसतो. हंड्यात ते ठीक, कारण वरचं पाणी ओतून घेता येतं. टबात पंप तो गाळ सतत ढवळतो आणि सगळा फिल्टरच्या कार्ट्रिजच्या घड्यांमध्ये जाऊन बसतो.

पीएच वर जाण्याचं कारण अल्कलिनिटी आणि बुडबुडे. अल्कलिनिटी म्हणजे बहुतांशी बायकार्बोनेट. अ‍ॅसिड टाकलं की त्यातला थोडा भाग कार्बन डायऑक्साइड होतो, तेवढ्यापुरता पीएच उतरतो. जेटमधली हवा तो वायू उडवून लावते आणि पीएच जागेवर येतो. सोडा वॉटरची बाटली हलवली की गॅस निघून जातो, तसंच. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितकी ही चढण वेगाने होते. म्हणून पीएचच्या मागे धावू नका, अल्कलिनिटी ८० वर आणा.

हिशोब: १००० लिटरमध्ये अल्कलिनिटी १० पीपीएम उतरवायला सुमारे २४ ग्रॅम सोडियम बायसल्फेट, म्हणजे तुमचं ड्राय अ‍ॅसिड. तुमच्या टबाला २९ ग्रॅम. एकदम ओतायचं नाही. ६० ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून पंप चालू असताना सोडा, पीएच ७.२ च्या आसपास येईल. मग झाकण उघडं, हवेचे नॉब पूर्ण उघडे, जेट चालू. काही तासांत पीएच ७.८ वर गेला की पुढचा डोस. अल्कलिनिटी १२० च्या खाली आली की डोस ३० ग्रॅमवर आणा, कारण तिथून पीएच पटकन कोसळतो, आणि ७ च्या खाली गेला की हीटरचं तांबं खायला लागतो. एरवी आंघोळ संपली की हवेचे नॉब बंद ठेवायची सवय लावा. फिल्टरच्या फेऱ्या हवेविना चालल्या की निम्मी कटकट कमी होते.

क्लोरीनमास्तर
वरचा हिशोब बरोबर, पण तो या पाण्यावर करू नका. हे पाणी संपलंय.

१० ग्रॅम डायक्लोरमधून १२०० लिटरला साधारण ४.६ पीपीएम क्लोरीन मिळतं आणि सोबत सुमारे ४ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड. क्लोरीन वापरून संपतं, सायन्युरिक अ‍ॅसिड साठत राहतं. चार डोस गुणिले दहा आठवडे म्हणजे १६० च्या घरात. ते क्लोरीनला धरून ठेवतं, त्यामुळे किटवर आकडा दिसतो पण जंतू मारण्याचा वेग मंदावतो. कोमट पाण्यात स्युडोमोनास आणि लिजिओनेला हे जंतू अशीच संधी शोधत असतात. म्हणूनच अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हॉट टबमध्ये सायन्युरिक अ‍ॅसिड असलेलं क्लोरीन वापरूच नका म्हणते.

आणखी एक गंमत: अल्कलिनिटीच्या चाचणीत सायन्युरिक अ‍ॅसिडही मोजलं जातं, साधारण त्याच्या एक तृतीयांश. तुमच्या १८० मधले पन्नासेक त्याचेच.

दुसरी गोष्ट, ते पिवळं किट. ते ओटीओ आहे, एकूण क्लोरीन दाखवतं. घाम आणि तेलाशी जोडलं गेलेलं, काम न करणारं क्लोरीनही त्यात पिवळंच दिसतं. उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर त्याच जोडलेल्या क्लोरीनची, जास्त क्लोरीनची नव्हे. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या, त्यात मुक्त आणि एकूण वेगळं कळतं. फरक अर्ध्या पीपीएमच्या वर गेला की शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस. मात्र क्लोरीन खूप जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि शून्य वाटतं. शंका आली तर नमुन्यात निम्मं साधं पाणी घालून पुन्हा बघा. पट्ट्या वापरत असाल तर पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की त्या गेल्याच समजा.

पाणी कधी बदलायचं याचा ढोबळ हिशोब: लिटर भागिले १२, भागिले रोजची माणसं. तुमचे ५० दिवस. ७० झालेत.

टेरेसवाला_घोडबंदर
पटलं, रिकामा करतो. पण पुन्हा हेच सॉफ्टनरचं पाणी भरू का? आरओचं मिळू शकतं, टीडीएस ४०.

नेरूळ_सेक्टर
नुसतं आरओ नको, ते भुकेलं पाणी असतं, धातू खातं. आणि टीडीएस मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार दाखवतं, ते ना हार्डनेस सांगतं ना अल्कलिनिटी.

सॉफ्टनरबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तो कॅल्शियम काढून सोडियम देतो, बायकार्बोनेटला हातही लावत नाही. म्हणून तुमच्याकडे हार्डनेस २० आणि अल्कलिनिटी २०० हे विचित्र जोडपं. फेस त्यामुळेच लवकर येतो. बाकीचा फेस डोक्याचं तेल आणि कपड्यांतली पावडर. तेल लावून टबात कोणी बसू नये, बसायच्या आधी साधा शॉवर घ्यावा.

सॉफ्टनरच्या आधीचा नळ गाठा आणि त्याचा हार्डनेस मोजा. समजा ३०० निघाला, तर निम्मं ते आणि निम्मं सॉफ्टनरचं भरलं की १६० होतो. १५० ते २५० मध्ये बसलं म्हणजे झालं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच चहासारखा रंग येतो. आधी एका बादलीत क्लोरीन टाकून बघा.

कच्चा नळ मिळालाच नाही तर कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेक्स, २० वरून १५० ला तुमच्या टबात सुमारे २३० ग्रॅम. बादलीत टाकताच पाणी चांगलंच तापतं, प्लॅस्टिकचा मग हातात धरून विरघळवू नका. आणि क्रम पाळा: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, कॅल्शियम शेवटी. ८.३ पीएचला कॅल्शियम घातलं तर पाणी डोळ्यांदेखत पांढरं होतं आणि तो चुना आधी हीटरवर बसतो.

आमच्या नवी मुंबईच्या बाजूच्या लोकांनी वरची अ‍ॅसिडची कृती आंधळेपणाने करू नये. इथे येणारं मोरबे धरणाचं पाणी मुख्यतः पावसाचं, बोअरच्या मानाने मऊ. तिथे अल्कलिनिटी कमी असेल तर चिमूटभर अ‍ॅसिडनेही पीएच उड्या मारतो. मग खायचा सोडा: १००० लिटरला १० पीपीएम वाढवायला १७ ग्रॅम. धुण्याचा सोडा नव्हे, तो पीएच उडवतो.

क्लोरीनमास्तर
नव्या पाण्याचं क्लोरीन: पहिल्या आठ-दहा डोसांपुरतं डायक्लोर चालवा, त्यातून ३०-४० सायन्युरिक अ‍ॅसिड येतं. उघड्या टेरेसवर ऊन क्लोरीन खातं, त्यापासून सायन्युरिक अ‍ॅसिडचा तेवढा आडोसा हवा. सीडीसीचा सल्ला तंतोतंत पाळायचा तर डायक्लोर वगळून पहिल्या दिवसापासूनच हायपोक्लोराइट. पुढे १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट: तुमच्या टबाला १२ मिलीने १ पीपीएम वाढतो. मुक्त क्लोरीन ३ ते ५, शॉकला १२० मिली आणि झाकण वीस मिनिटं उघडं, नाहीतर वाफ झाकणाच्या आतलं कापड कुजवते. लहान कॅन घ्या, मे महिन्यात टेरेसवर ठेवलेलं हायपो महिन्याभरात अर्धमेलं होतं. ब्लीचिंग पावडर नको, चुन्याचा साका फिल्टरमध्ये बसतो. ट्रायक्लोरच्या गोळ्याही नकोत, त्या फार आम्ल. यातलं काहीही डायक्लोरच्या डब्यात किंवा चमच्यात मिसळू देऊ नका, आग लागते.

रिकामा करण्याआधी पाइप साफ करणारं द्रव्य टाकून तासभर जेट चालवा. वर तपकिरी चिकट थर आला तर घाबरू नका, तो पाइपातला. टबाची कड पुसा, पाणी सोडा, कार्ट्रिज भिजत घाला (भांड्यांच्या साबणात नव्हे, पुन्हा फेस). बागेत सोडायचं असेल तर क्लोरीन आधी शून्यावर येऊ द्या.

भरताना पाइप फिल्टरच्या खड्ड्यात सोडा, टबात नको. नाहीतर पंपात हवा अडकते आणि जेट सुरूच होत नाहीत.