मदत हवी आहे: व्हीएम चालू केली की जेलीफिन अडकतं

पुनरारंभ
मंडळी, जरा तातडीचं आहे. घरच्या सर्व्हरवर जेलीफिन (साठवलेले सिनेमे घरभर दाखवणारं सॉफ्टवेअर) एरवी छान चालतं. विंडोजची व्हीएम (पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) चालू केली की मात्र सिनेमा सारखा थांबतो, गोल चक्र फिरत राहतं. त्यावर कहर म्हणजे मधूनच व्हीएम गायब! बघावं तर 'शट ऑफ'. विंडोज नव्याने टाकून झालं, फरक शून्य. व्हीएम कामाला लागते, बंद ठेवता येणार नाही. कुठली सेटिंग बदलू तेवढं सांगा.

निळी_तार
होस्टवर (ज्या पीसीवर व्हीएम चालते त्यावर) काय आहे? रॅम किती, प्रोसेसर कुठला, व्हीएमला त्यातलं किती दिलंय? व्हीएमची डिस्क-फाइल कुठे ठेवली आहे? सिनेमा डायरेक्ट प्ले (फाइल जशीच्या तशी) होतोय की ट्रान्सकोड (चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून)? एवढं कळल्याशिवाय सेटिंग कुठली सांगणार?

पुनरारंभ
साधा पीसी आहे हो. आय५-८५००, १६ जीबी, डेबियन. जेलीफिन डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतं ते), व्हीएम व्हर्ट-मॅनेजरमधून.

काळी_खिडकी
प्रॉक्समॉक्स (व्हीएम आणि कंटेनर सांभाळणारी सिस्टीम) टाका आणि मोकळे व्हा. जेलीफिनला एलएक्ससी कंटेनर, विंडोजला व्हीएम. बॅकअप, स्नॅपशॉट सगळं ब्राउझरमधून. डेबियनवर हाताने जुळवाजुळव कशाला?

निळी_तार
प्रॉक्समॉक्स चांगलंच आहे, पण त्याच्याही पोटात व्हीएम चालवणारं हेच केव्हीएम आहे आणि रॅम १६ जीबीच राहणार. दुखणं कुठे आहे ते आधी शोधू. पुनरारंभ, व्हीएमचे आकडे राहिले. आणि व्हीएम गायब झाल्यावर होस्टवर 'डीमेसेज -टी' (कर्नलच्या नोंदी) चालवून त्यात 'आउट ऑफ मेमरी' दिसतं का बघा.

तिसरी_घंटा
विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० (सुरक्षा-चिप) लागतं. एसडब्ल्यूटीपीएम हे पॅकेज टाका, मग व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'अॅड हार्डवेअर'मधून टीपीएम, व्हर्जन २.०, एम्युलेटेड.

पुनरारंभ
तिसरी_घंटा, विंडोज चालतंय, तो प्रश्नच नाही. व्हीएमला ८ जीबी आणि ६ कोर. डीमेसेजमध्ये 'किल्ड प्रोसेस' आणि पुढे क्यूईएमयूचं (व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसचं) नाव आहे. पण ८ जीबी तर होस्टला उरतात, जेलीफिन एवढं खातं का?

निळी_तार
म्हणजे व्हीएम बिघडलेली नाही. होस्टची रॅम संपली, म्हणून कर्नलने सगळ्यात मोठी प्रोसेस मारली, आणि ती नेहमी व्हीएमच असणार. विंडोज दहा वेळा टाकलं तरी हे थांबायचं नाही. जेलीफिनचा ट्रान्सकोड फोल्डर कुठे आहे? कंपोज फाइलमधला (डॉकरच्या सेटिंगची फाइल) व्हॉल्यूमचा भाग इथे टाका.

पुनरारंभ
ट्रान्सकोड होस्टच्या /डेव्ह/एसएचएमवर आहे. एसएसडी झिजू नये म्हणून सगळीकडे हेच सुचवतात.

निळी_तार
सापडलं. /डेव्ह/एसएचएम म्हणजे रॅमच, आणि त्याची मर्यादा मुळात एकूण रॅमच्या निम्मी असते, तुमच्याकडे ८ जीबी. व्हीएमचे ८ आणि हे ८, झाले १६. डेबियन आणि बाकी कंटेनर राहणार कुठे? ८ मेगाबिटने ट्रान्सकोड होणारा दोन तासांचा सिनेमा ७.२ जीबी होतो (८ × ७२०० सेकंद ÷ ८). थ्रॉटल (वेगाला लगाम) बंद असेल तर एफएफएमपेग (ट्रान्सकोड करणारा प्रोग्राम) तुम्ही बघताय त्याच्या कितीतरी पुढे धावतं आणि तुकडे साचत जातात.

ट्रान्सकोड फोल्डर एसएसडीवर न्या. डॅशबोर्ड, प्लेबॅक, ट्रान्सकोडिंग इथे 'थ्रॉटल ट्रान्सकोड्स' आणि 'डिलीट सेगमेंट्स' दोन्ही चालू करा. व्हीएमला ६ जीबी आणि ४ कोर पुरे. सहाच्या सहा कोर दिल्यावर विंडोज अपडेट आणि एफएफएमपेग एकाच कोरसाठी भांडतात.

सुटंसुटं
एसएसडीवर ट्रान्सकोड नको. १ जीबीचा टीएमपीएफएस (रॅममधला फोल्डर) वेगळा माउंट करा, तेवढाच वापरला जाईल.

निळी_तार
आणि १ जीबी भरला की एफएफएमपेग जागा नाही म्हणून मरतं, सिनेमा मधेच बंद. रोज एक सिनेमा धरला तरी वर्षाला अडीच-पावणेतीन टीबी लिखाण होतं. ५०० जीबीच्या एसएसडीची मर्यादा साधारण १५० ते ३०० टीबी असते. कशाला रॅम अडवायची?

सुटंसुटं
तुकडे पुसणं चालू असेल तर १ जीबी पुरतो. पण एकाच वेळी तिघे बघत असतील तर नाही पुरणार, हे मान्य.

काळी_खिडकी
मुळात ट्रान्सकोडला सीपीयू कशाला? जीपीयू पासथ्रू (ग्राफिक्स चिप थेट व्हीएमला देणं) करा.

निळी_तार
यांनी नको! या पीसीत चित्र दाखवायला आतलं यूएचडी ६३० एवढंच आहे. ते व्हीएमला दिलं की होस्टकडून जातं आणि जेलीफिनला क्विकसिंक (याच चिपवर ट्रान्सकोड करायची सोय) मिळणारच नाही. उलट ते होस्टवरच राहू द्या. पुनरारंभ, ट्रान्सकोड चालू असताना 'टॉप'मध्ये एफएफएमपेग किती टक्के दाखवतं?

पुनरारंभ
५०० च्या वर.

निळी_तार
म्हणजे पाच कोर पूर्ण गुंतलेत, क्विकसिंक चालूच नाही. कंपोजमध्ये 'डिव्हायसेस'खाली /डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८ द्या. होस्टवर 'गेटेंट ग्रुप रेंडर' चालवून मिळेल तो आकडा 'ग्रुप_अॅड'मध्ये लिहा. मग 'डॉकर कंपोज अप -डी'. नुसत्या रीस्टार्टने नवं डिव्हाइस आत जात नाही. शेवटी जेलीफिनमध्ये 'इंटेल क्विकसिंक' निवडा. एचईव्हीसी १०-बिट फॉरमॅटचा व्हिडिओ हा चिप सहज उलगडतो. एव्ही१ मात्र उलगडत नाही, त्या फाइलींना सीपीयू लागणारच.

पुनरारंभ
केलं. एफएफएमपेग एकदम खाली आलं, व्हीएमही टिकून आहे. पण डायरेक्ट प्लेवाला सिनेमा अजून अडकतोच, तिथे तर ट्रान्सकोड नाही!

सुटंसुटं
व्हीएमची डिस्क-फाइल कुठे आहे हे तुम्ही अजून सांगितलेलंच नाही.

पुनरारंभ
सिनेमांच्याच ४ टीबी हार्डडिस्कवर. एसएसडी २५० जीबीची आहे, १५० मोकळी.

सुटंसुटं
मग तेच. ४० मेगाबिटचा सिनेमा म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ एमबी, हार्डडिस्कला हे काहीच नाही. पण विंडोज बारीकसारीक फाइली इकडून तिकडून वाचू लागलं की डिस्कचं डोकं त्यातच पळत राहतं आणि सिनेमा रांगेत उभा. 'आयओस्टॅट -एक्स २' लावा. त्या डिस्कपुढे युटिल (डिस्क किती टक्के गुंतली आहे ते) १०० च्या आसपास दिसेल.

व्हीएम नीट बंद करून क्यूकाउ२ फाइल (व्हीएमची डिस्क-फाइल) एसएसडीवर हलवा. त्याआधी फाइलने प्रत्यक्षात किती जागा धरली आहे ते 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो'ने बघा.

निळी_तार
+१. हलवताच आहात तर डिस्क बस (डिस्क जोडायचा मार्ग) साटावरून व्हर्टआयओवर (खास व्हीएमसाठीचा मार्ग) न्या, पण थेट बदलू नका. विंडोजकडे ड्रायव्हर नसेल तर निळा पडदा येतो, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आधी १ जीबीची दुसरी डिस्क व्हर्टआयओ म्हणून जोडा, विंडोजमध्ये ड्रायव्हर टाका, ती दिसू लागली की व्हीएम बंद करून मुख्य डिस्कची बस बदला. मग छोटी काढून टाका.

शून्यापासून
माझा थोडा वेगळा प्रश्न. डॉकर टाकल्यापासून ब्रिजवरच्या (होस्टच्या नेटवर्कशी जोडणारा आभासी पूल) व्हीएमचं नेट गेलं. होस्टवर नेट आहे.

सुटंसुटं
डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेनचं धोरण 'ड्रॉप' करतो, आणि बीआर_नेटफिल्टर मॉड्यूल चढलेलं असलं की ब्रिजवरची पॅकेटंही त्याच चाळणीतून जातात. 'डॉकर-यूजर' चेनमध्ये ब्रिजवरून येणाऱ्या आणि ब्रिजकडे जाणाऱ्या दोन्हींना 'अॅक्सेप्ट' द्या. नाही जमलं तर नवा धागा काढा, इथे गल्लत होईल.

पुनरारंभ
फाइल ९२ जीबी भरली, आता एसएसडीवर आहे. अपडेट चालू असतानाही सिनेमा थांबला नाही. व्हर्टआयओचं उद्या करतो. ती छोटी डिस्क क्यूकाउ२ हवी की रॉ?

निळी_तार
काहीही चालेल, ड्रायव्हर चढण्यापुरतीच आहे.